सुपरवायझर झालात, पेढे वाटून झाले, आता डोक्यातलं ओझं उतरवायचं कसं?

परवापर्यंत तुम्ही मशीनवर होतात. आठ तास उभं राहून काम केलं, पार्ट मोजून दिले, पंचिंग केलं आणि कंपनीच्या बसमध्ये बसलं की मोशी यायच्या आत डोळा लागायचा. आता शर्टाचा रंग बदललाय, खिशाला पेन आलंय, व्हॉट्सअ‍ॅपवर चार नवीन ग्रुप आलेत, अंगमेहनत निम्म्यावर आली आणि तरी बसमध्ये झोप काही येत नाही. घरी गेल्यावर बायको विचारते काय झालं, तुम्ही म्हणता काही नाही, आणि खरंच सांगण्यासारखं असं काही झालेलंच नसतं!

मी चाकण पट्ट्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांत १९ वर्षं काढली. प्रेस शॉपला ऑपरेटर म्हणून लागलो, आता शिफ्ट इनचार्ज आहे. नवीन माणूस लीडर झाला की एचआर त्याला एक दिवसाच्या ट्रेनिंगला पाठवतं, तिथे टाइम मॅनेजमेंट शिकवतात, टीम बिल्डिंगचे खेळ घेतात, जेवण चांगलं असतं. पण दिवसभर जे गिळावं लागतं त्याचं काय करायचं हे कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहितोय. उदाहरणं सगळी शॉप फ्लोअरची आहेत कारण मला तेवढंच येतं, बँकवाल्यांनी नाहीतर हॉस्पिटलवाल्यांनी आपापल्या जागी बसवून घ्या.

आधी ओझं कशाला म्हणायचं ते बघू

कामाचं ओझं वेगळं आणि हे वेगळं. एक साधा दिवस घ्या. सकाळच्या मीटिंगमध्ये कालच्या रिजेक्शनवरून, म्हणजे नापास गेलेल्या पार्टवरून, प्लांट हेडने सगळ्यांसमोर झापलं, तुम्ही "हो सर, बघतो सर" म्हणालात. खाली लाइनवर आलात तर हेल्परची आई गावाला अ‍ॅडमिट आहे, त्याला उद्या सुट्टी पाहिजे आणि तुमच्याकडे आधीच दोन माणसं कमी आहेत. तेवढ्यात क्वालिटीवाल्याने तयार मालाचा लॉट होल्डला टाकला, म्हणजे अडवून ठेवला, मेंटेनन्सवाला फोन उचलत नाही. आणि कॉन्ट्रॅक्टची पोरं महिनाअखेर कमी करणारेत हे तुमच्या कानावर आलंय, त्यांना माहिती नाही, आणि त्यातलाच एकजण चहा पिताना विचारतो, "साहेब, यंदा परमनंटचं होईल ना काहीतरी?"

हे सगळं होत असताना चेहरा मात्र शांत ठेवायचा असतो. अमेरिकेतल्या समाजशास्त्राच्या अभ्यासक आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये या प्रकाराला इमोशनल लेबर असं नाव दिलं, म्हणजे पगारासाठी आतली भावना दाबून चेहऱ्यावर दुसरीच ठेवायची, आणि हेही एक कामच आहे, यानेही माणूस थकतो. त्यांनी अभ्यास केला तो विमानातल्या हवाई सुंदऱ्यांचा आणि थकलेली बिलं वसूल करणाऱ्यांचा. एकीला सतत गोड हसायचं आणि दुसऱ्याला सतत दरडावायचं. मला हे वाचून हसू आलं कारण सुपरवायझरला दोन्ही एकाच शिफ्टमध्ये करावं लागतं, वर हसायचं आणि खाली दरडावायचं, कधीकधी उलटं.

पायरी १ : शिफ्ट सुटायच्या आधी दहा मिनिटं, एक पान

खिशात मावेल अशी डायरी घ्या. कंपनीच्या लॉगबुकमध्ये हे लिहायचं नाही, ती दहाजण वाचतात. मोबाईलमध्ये पण नको, मोबाईल उघडला की ग्रुप दिसतो आणि संपलं.

पानावर तीन खण पाडा. पहिला, जे मुळात माझं नाही. दुसरा, जे अर्धवट राहिलंय. तिसरा, जिथे मी चुकलो. आज जे जे डोक्यात अडकलंय ते त्या त्या खणात टाका, एकेका ओळीत, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.

एक अट आहे, टेन्शन हा शब्द वापरायचा नाही. आपण मराठी माणसं हल्ली सगळ्यालाच टेन्शन म्हणतो, मुलीचं लग्न टेन्शन आणि टायर पंक्चर पण टेन्शन. त्यापेक्षा आपल्या आजीकडे जास्त शब्द होते. ऑडिटच्या आधी होते ती धाकधूक. मोठा अपघात थोडक्यात टळला की बसतो तो धसका. चांगल्या पोराला सुट्टी नाकारली की दिवसभर राहते ती रुखरुख. सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली की वाटते ती लाज, आणि उत्तर देता आलं नाही की नुसतं आतल्या आत कुढणं. यातला नेमका कुठला ते लिहा. कारण धाकधुकीला तयारी लागते, रुखरुखीला त्या माणसाशी बोलावं लागतं आणि धसक्याला आधी झोप लागते, तिन्हीला टेन्शन म्हटलं की तिन्हीवर एकच उपाय उरतो आणि तो म्हणजे तंबाखू. भावनेला नेमकं नाव दिलं की मेंदूतला घाबरवणारा भाग थोडा थंड होतो असं कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या टीमने २००७ मध्ये मेंदूचं स्कॅन करून दाखवलंय. मला स्कॅनचं काही कळत नाही पण "लाज वाटली" एवढं लिहिल्यावर खांदे खाली येतात हे मात्र मी स्वतः बघितलंय.

पायरी २ : जे तुमचं नाही ते परत द्या

नवीन लीडर सगळ्यात जास्त इथेच मार खातो. ऑपरेटर येतो, "साहेब, सात नंबरला आवाज येतोय." तुम्ही म्हणता "बघतो". झालं! ते लोढणं त्याच्या गळ्यातून निघून तुमच्या गळ्यात आलं. तो निवांत आणि तुम्ही जेवताना सात नंबरचा आवाज ऐकताय. मॅनेजमेंटवाल्यांच्यात ही गोष्ट १९७४ पासून माकडाच्या नावाने सांगतात, की हाताखालच्या माणसाच्या खांद्यावरचं माकड टुणकन उडी मारून साहेबाच्या खांद्यावर बसतं. मी एकदा एका शिफ्टला मोजलं, मी २३ वेळा "बघतो" म्हणालो होतो. तेवीस माकडं घेऊन माणूस घरी गेल्यावर पोरांशी काय बोलणार.

"बघतो"च्या जागी दुसरं वाक्य तयार ठेवा. "मेंटेनन्सला स्लिप टाकलीस का? टाक, अकरापर्यंत कोणी आलं नाही तर मला येऊन सांग." म्हणजे तुम्ही झटकलं नाही, वेळ दिली, पण काम ज्याचं आहे त्याच्याकडेच राहिलं. पहिला आठवडा लोक तोंड वाकडं करतील. करू दे. फक्त सेफ्टीची गोष्ट असेल, गार्ड तुटलाय, इंटरलॉक (गार्ड उघडला की मशीन थांबवणारी सोय) कोणीतरी बायपास केलाय, तर तिथे स्लिप वगैरे काही नाही, मशीन बंद करा आणि स्वतः उभे राहा.

माणसांच्या अडचणींचं जरा वेगळं असतं. हेल्परच्या आईचं दुखणं तुम्ही बरं करू शकत नाही पण त्याला उत्तर देणं तुमचं काम आहे आणि ते दुपारी दोनला देतो म्हणालात तर दोनलाच द्या, हो असो नाहीतर नाही असो. लटकत ठेवलं की त्याचा जीव टांगणीला आणि तुमचाही. आणि परमनंटचं विचारणाऱ्या पोराला खोटी आशा दाखवू नका, ते क्षणभर सोपं वाटतं पण महिनाअखेर तुम्हालाच त्याच्या डोळ्यात बघावं लागतं. "ते माझ्या हातात नाही, आणि मी तुला खोटं सांगणार नाही" एवढंच सांगायचं. मग वर जाऊन एचआरला विचारायचं की यांना कधी सांगणार आहात, कारण पोरांनी रूमचं भाडं आणि गाडीचा हप्ता धरून हिशोब केलेला असतो. ते विचारलंत की निदान तुमच्याकडची बाजू तुम्ही केलीत.

पायरी ३ : अर्धवट राहिलेलं कागदावर सोपवून जा

ब्ल्यूमा झायगार्निक नावाच्या बाई होत्या, बर्लिनमध्ये शिकत होत्या, त्यांनी १९२७ मध्ये दाखवलं की माणसाला पूर्ण झालेल्या कामापेक्षा मध्येच तोडलेलं काम जास्त लक्षात राहतं. म्हणजे रात्री दोनला आठवतं ते सहसा राहिलेलंच असतं. पण गंमत अशी की काम पूर्ण व्हायलाच पाहिजे असं काही नाही, पुढे नक्की काय कधी करायचं एवढं ठरवून टाकलं तरी डोकं ते सोडून देतं, हे २०११ च्या एका प्रयोगात दिसलंय.

आपल्याकडे त्यासाठी आयती सोय आहे, शिफ्ट हँडओव्हर. पण आपण करतो काय, "सात नंबर बघ जरा" असं पुढच्या माणसाला पंचिंगच्या रांगेत ओरडून सांगतो. असं नाही. लाइनवर उभं राहून, समोरासमोर, लिहून: सात नंबरचा गेज (पार्टचं माप तपासायचं साधन) कॅलिब्रेशनला गेलाय, आला की पहिले पाच पार्ट क्वालिटीकडून पास करून घ्यायचे आणि मगच लाइन चालू करायची. कोणती मशीन, काय राहिलंय, कोण करणार, कधीपर्यंत. त्याने वाचून सही केली की तुमचं संपलं. ग्रुप म्यूट करा. मोठं काही झालं तर फोन येईल, आणि फोन येतोच, त्याची काळजी नको.

पायरी ४ : स्वतःची चूक (ही सगळ्यात जड)

मी नवीन होतो तेव्हाचं सांगतो. नाईट होती, जानेवारी, हात गारठलेले. एका ब्रॅकेटची होलं सेंटरपासून सरकलेली निघाली, ३४० पार्ट. मशीनवर आयटीआय करून आलेला ट्रेनी पोरगा होता. मी सगळ्या लाइनसमोर त्याला बोललो, डोळे कुठे होते तुझे, आयटीआय पास कसा झालास, असलं बरंच काही. तो काहीच बोलला नाही. हातमोजे काढले, एकावर एक नीट घडी करून टेबलावर ठेवले आणि तसाच उभा राहिला. ते हातमोज्यांची घडी करणं मला अजून दिसतं. दुसऱ्या दिवशी आला नाही.

सकाळी टूलरूमने फिक्स्चर, म्हणजे पार्ट पकडून ठेवणारा साचा, खोललं तर पार्ट नेमक्या जागी बसवणारी लोकेटिंग पिन झिजलेली. पिन रोज बघायची असते, चेकशीटवर त्याची टिक असते, आणि त्या दिवशीची टिक माझी होती. न बघता मारलेली.

तीन आठवडे मी ते घेऊन फिरलो. पोरगा परत आला होता, पण मी एकतर त्याला टाळायचो नाहीतर उगाच गोड बोलायचो, कॅन्टीनमध्ये त्याच्या ताटात जिलबी वाढायला सांगायचो. बाकीच्यांनाही कळत होतं. आणि माझा राग निघायचा तिसऱ्यावरच. न मागितलेली माफी अशीच असते, ती तिथे न निघता भलत्या जागी झिरपते.

शेवटी काय केलं ते क्रमाने सांगतो, कारण यात क्रम महत्त्वाचा आहे. ज्या जागी बोललो त्याच जागी, जे चौदाजण तेव्हा ऐकत होते ते हजर असताना, शिफ्टच्या सुरुवातीच्या टूलबॉक्स टॉकमध्ये बोललो. केबिनमध्ये बोलावून घेतलेली माफी ही फक्त आपल्या सोयीची असते, अपमान चारचौघांत आणि माफी एकांतात हा कुठला हिशोब? वाक्यं तीनच होती. "त्या रात्री पिन झिजलेली होती. चेकशीटवर सही माझी होती, मी बघितलं नव्हतं. तुला बोललो ते चुकलं." पुढे "पण" नाही. पण तू पण लक्ष द्यायला पाहिजे होतंस, हे वाक्य जिभेवर आलेलं, गिळलं. तो म्हणाला, "बरं साहेब," आणि पुढचा पार्ट उचलला. बस. सिनेमासारखं मिठी वगैरे काही झालं नाही.

मग दुरुस्ती. पिन आता नजरेने नाही बघायची, रिंग गेज लावून बघायची, आणि सही माझ्याबरोबर ऑपरेटरचीही. दुरुस्ती झाल्यावरच डायरीतली ती ओळ खोडली. नुसती माफी मागून ओळ खोडली तर महिन्याभरात तीच ओळ परत लिहावी लागते.

पायरी ५ : गेट ते घर

चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकला सगळे शिव्या घालतात, मीही घालतो, पण खरं सांगू का, मला तो अर्धा तास लागतो. हेल्मेटच्या आत कोणाला काही दिसत नाही. चार मोजत श्वास आत आणि आठ मोजत बाहेर, बाहेरचा लांब ठेवायचा, पाचेक मिनिटं. श्वास लांब सोडला की छातीचे ठोके खाली येतात, याला काही खर्च नाही आणि योगासनांची चटईही लागत नाही. माझी खूण म्हणजे मोशीचा इंद्रायणीवरचा पूल, पूल ओलांडला की कंपनीतला विषय मनात घोळवायचा नाही. तुमची खूण तुम्ही ठरवा, टोलनाका असेल, स्टेशन असेल, सोसायटीचं गेट असेल. रोज जमत नाही. आठवड्यातून तीनदा जमलं तरी घरचे लोक फरक सांगतात.

घरी मौन पण नको आणि सगळं ओतणं पण नको. "आज डोकं जड आहे, अर्धा तास दे, मग बोलतो" एवढं सांगितलं तरी पुरतं. न सांगता फोनमध्ये तोंड घालून बसलात तर समोरच्याला वाटतं त्याचंच काहीतरी चुकलं.

आता "राग काढून टाकला की बरं वाटतं" याबद्दल. ओरडून घ्या, उशी बडवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये चिडलेल्या माणसांना बॉक्सिंगची बॅग बडवायला लावून बघितलं, ज्याने राग आणला त्याचा विचार करत बडवणारे लोक उलट जास्त चिडले, आणि जे नुसते शांत बसले होते ते बरे राहिले. टपरीवरचा कुढण्याचा कट्टा हे त्याचंच आपलं व्हर्जन, रोज तेच साहेब, त्याच शिव्या, आणि चहा संपला तरी राग तसाच. सेकंड शिफ्ट सुटल्यावर दारूला "बसायचं" त्याचंही तेच, झोप लागल्यासारखी वाटते पण लागत नाही, सकाळी तेच ओझं आणि वर डोकेदुखी.

त्यापेक्षा एक माणूस शोधा. तुमच्याच लेव्हलचा, पण दुसऱ्या डिपार्टमेंटचा, ज्याला तुमच्या प्रमोशनशी देणंघेणं नाही आणि जो ऐकलेलं पोटात ठेवतो. माझा डिस्पॅचचा एकजण आहे. आम्ही पंधरा दिवसांतून एकदा मिसळ खातो, अर्धा वेळ त्याचा, अर्धा माझा, आणि शेवटी "मग आता काय करणार?" हा प्रश्न विचारल्याशिवाय उठायचं नाही असं ठरलंय.

पायरी ६ : टीमसमोर किती उघडायचं

हल्ली सांगतात की लीडरने टीमसमोर मन मोकळं करावं. अर्धं खरं आहे. "आज मी सकाळी ऐकून घेतलंय, माझा आवाज चढला तर टोका" हे सांगा, पोरं समजून घेतात, एखादा खरंच टोकतो. पण "माझीच नोकरी राहते का नाही माहिती नाही" हे त्यांच्यासमोर म्हणायचं नाही. ज्याचा पगार तुमच्यापेक्षा कमी आणि ज्याची सुट्टी तुमच्या हातात, तो तुम्हाला थांब म्हणू शकत नाही, म्हणून तुमचं ओझं त्याच्या डोक्यावर उतरवायचं नाही.

आणि वरून आलेलं तसंच्या तसं खाली सोडू नका. आकडा खाली जाऊ दे, शिवी वरच राहू दे. "काल ३४० रिजेक्ट गेले, आज पहिला तास दर दहाव्या पार्टला गेज लावायचा" हे झालं काम. "प्लांट हेड म्हणतात तुम्ही सगळे बिनकामाचे" ही झाली नुसती पोस्टमनगिरी.

पायरी ७ : तरीही उतरत नसेल तर

दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे ओझं तुमच्या मनाचं नाहीच, लाइनचं आहे. लाइनला बारा माणसं पाहिजेत आणि रोज नऊ येतात, तर डायरी लिहून तीन माणसं येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्याला, आपल्या आजारांच्या वर्गीकरणाच्या यादीत घेतलं तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणी होणारा प्रकार म्हटलं. म्हणजे दुरुस्ती कामाच्या ठिकाणीही व्हायला पाहिजे. महिनाभर रोजची हजेरी, प्लॅन आणि रिजेक्शन शेजारी शेजारी लिहा आणि ते पान घेऊन साहेबाकडे जा. रडगाणं ऐकायला कोणी बसत नाही, पण शनिवारी माणसं कमी आणि शनिवारीच रिजेक्शन जास्त हे कागदावर दिसलं की बोलणं वेगळं होतं. दरवेळी माणसं मिळतात असं नाही. मला दोनदा मिळाली, एकदा नाही.

दुसरं कारण, दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कारण नसताना छातीत धडधड, कशातच मन लागत नाही, नाहीतर सगळं संपवून टाकावंसं वाटतंय. मग हा लेख बंद करा आणि डॉक्टरकडे जा. सरकारची टेलि मानस हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पाठ दुखली की आपण सुट्टी टाकून दवाखान्यात जातो तसंच हे. छातीत दुखत असेल तर मात्र हे टेन्शनचंच असेल असं घरी बसून ठरवू नका, आधी ईसीजी.

सुरुवात करताना सातही पायऱ्या एकदम धरू नका. पहिले पंधरा दिवस फक्त डायरी आणि "बघतो" मोजणं, एवढंच.

आणि एक किरकोळ गोष्ट, बरेचजण विचारतात. डायरीची पानं ठेवायची नाहीत, आठवड्याने फाडून टाकायची, त्यात लोकांची नावं असतात. पण फाडून लाइनवरच्या तेलकट चिंध्यांच्या डब्यात टाकू नका. तो हॅझर्डस वेस्टचा डबा, त्यात साधा कागद सापडला की ऑडिटला पॉइंट निघतो. माझा निघाला होता, आणि मग तो पॉइंट क्लोज करायची जबाबदारी पण माझ्यावरच आली.